काटा शून्यावर, टाकी अर्धी

आमच्या दाजींच्या पिकअपमध्ये पाच काटे होते आणि पाचही खोटारडे. हे मी रागाने म्हणत नाही, धंद्याने म्हणतो. गाड्यांच्या इलेक्ट्रिकच्या कामात माझी छत्तीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी डॅशबोर्डखाली उताणं पडून गेली. एका जिन्याखाली माझं दुकान आहे. आत येताना वाकावंच लागतं, त्यामुळे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला मुजरा करूनच येतं आणि माझा दिवस बरा जातो. कुणाच्याही गाडीचा काटा अडला की माणूस माझं दुकान शोधत येतो, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा मात्र वीस वर्षं बिघडलेल्या मीटरसमोर बसून गाडी हाकत होता. तो माझ्या नाकावर टिच्चून हाकतो, असं मला वाटायचं.

दाजींचा धंदा लोकांचं घरसामान हलवण्याचा. आमच्या घरातही ते तसेच आले. वडिलांनी घर बदललं तेव्हा सामान न्यायला हा बारकासा माणूस आला, दिवसभर राबला, एक कपबशी फुटू दिली नाही, आणि चार महिन्यांनी ताईला घेऊन गेला. वडील शेवटपर्यंत सांगायचे, सगळं सामान धड पोचलं, पण मोजलं तेव्हा एक नग कमी भरला. दाजी हे ऐकून लाजायचे. आज अडुसष्टाव्या वर्षीही लाजतात, इतका हा माणूस भोळा आहे. निदान तसं दाखवतो तरी.

कामाची तऱ्हा मात्र त्यांची एकट्याची. घरात शिरले की आधी पाच मिनिटं मधल्या खोलीत नुसते उभे राहणार. काही बोलणार नाहीत, पाणीही घेणार नाहीत. मग कपाटासमोर जाऊन दोन्ही हात पसरून त्याची रुंदी धरणार आणि हात तसेच ताठ ठेवून दरवाजापर्यंत चालत येणार. घरातली पोरं हसायला लागतात. हसू देत, पण दाजींनी निघेल म्हटलेलं कपाट कधी अडकलं नाही. टेप मी त्यांच्या हातात कधी पाहिली नाही. गाडीत सगळ्यांत शेवटी चहाचं भांडं आणि शेगडी चढवायची, म्हणजे नव्या घरात सगळ्यांत आधी तीच उतरते आणि माणसं निदान चहा पिऊन भांडायला लागतात. घर बदलताना नवराबायको भांडतातच, असा त्यांचा अनुभव आहे. कपाट मागच्या बाजूने बघितलं की संसार कळतो, असंही ते म्हणतात, आणि कुणाच्या कपाटामागे काय निघालं हे मात्र कधी सांगत नाहीत. ताईला याचा फार राग आहे.

आता काट्यांचं. स्पीडचा काटा चाळिसापर्यंत झोपलेला असायचा आणि मग एकदम साठावर जाऊन थरथरायचा. ऑइलचा काटा कधीचाच मेलेला. चार्जिंगचा काटा फक्त इंडिकेटर दिला की हलायचा. उरले दोन, डिझेलचा आणि इंजिनच्या तापमानाचा. हे मेलेले नव्हते, पण कमी सांगायचे. टाकी गच्च भरली की डिझेलचा काटा जेमतेम अर्ध्यावर यायचा, आणि टाकी अर्धी झाली की शून्यावर आडवा. तापमानाचंही तेच. इंजिन नीट चाललेलं असलं की काटा तळाला पडलेला, आणि तो उठून पावावर आला की समजायचं, आत उकळतंय, थांबा.

हे सगळं भाषांतर दाजींच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. मी शेजारी बसलेला असलो आणि काटा शून्याला टेकला की मी पंप शोधायला लागायचो, आणि हे शांतपणे म्हणणार, शालकबुवा, अजून अर्धी टाकी आहे. वीस वर्षांत एकदाही डिझेल संपलं नाही. मी किती वेळा सांगितलं असेल की दोन तासांचं काम आहे, करून टाकतो. उत्तर ठरलेलं, डॅशबोर्डला हात लावायचा नाही. गाडीचं आणि बायकोचं बोलणं मला कळतं, मग दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर काय बिघडलं, असं वर म्हणायचे. त्यावर आतून भांडी आपटल्याचा आवाज यायचा.

भाची मात्र या विनोदाला हसायची नाही. ती एका मोठ्या गोदामात सुरक्षेचं काम बघते. अपघात होण्याआधी तो शोधून काढायचा याचाच तिला पगार मिळतो, आणि ही पोरगी घरी आल्यावरही कामावरच असते. दाजींची बुकिंगं तिच्याच फोनवर येतात. गेल्या सहा महिन्यांत तिने बापाच्या बाबतीत तीन गोष्टी टिपल्या होत्या. एका नव्या वसाहतीत ते पाऊण तास गल्ली शोधत फिरले. एका घरची चमच्यांची पेटी जिन्यातच राहिली. आणि एकदा तिला आत्याच्या नावाने हाक मारली. आता नव्या वसाहतीत सगळ्या गल्ल्या एकसारख्या असतात, आणि नावं तर मी रोज चुकतो. पण मी चुकलो तर तिरसट म्हणतात, अडुसष्टाव्या वर्षी चुकलं तर दुसरंच काही म्हणतात. भाचीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, आता एकदा जरी रस्त्यात अडकून पडलात, तर गाडीची किल्ली माझ्याकडे.

तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तिला बाप हवा होता, गाडीचं काय. पण दाजींकडून गाडी काढून घेतली तर मागे काय उरतं हे ताईला ठाऊक होतं. ती माझ्या दुकानात आली, जिन्याला डोकं आपटून घेतलं, जिना बांधणाऱ्याचा उद्धार केला आणि मग म्हणाली, हा माणूस घरात बसला तर खचेल रे. तिचं म्हणणं सरळ होतं. काटे दुरुस्त झाले तर डिझेल संपायची, इंजिन तापायची भीतीच नको, मग रस्त्यात अडकायचं कारणच काय. गुरुवारी भाची त्यांना डोळे तपासायला नेणार आहे, दोन तास घरात कुणी नाही, तेवढ्यात उरकून टाक. आणि यांना कळू द्यायचं नाही, नाहीतर डॅशबोर्डला हात लावला म्हणून आठ दिवस डोकं खातील.

मला तर हेच हवं होतं. वीस वर्षं ते मीटर मला वाकुल्या दाखवत होतं.

गुरुवारी त्यांची पाठ वळली आणि मी गाडीखाली शिरलो. आधी टाकीतलं डिझेल मोजणाऱ्या फ्लोटची वायर काढली आणि बॉडीला क्षणभर टेकवली. असं केलं की चांगला काटा थेट फुलवर जायला पाहिजे. जास्त वेळ धरायचं नाही, काटाच जळतो. ताई आत बसून काट्याकडे बघत होती. ती म्हणाली, अर्ध्यावर जाऊन थांबला. मग इंजिनवरची तापमानाची वायर काढून तीही टेकवली. तोही अर्ध्यावर जाऊन थांबला. दोन वेगळे काटे, दोन वेगळ्या वायरी आणि दोघांचं रडगाणं एकच. म्हणजे दोष टाकीत नाही, इंजिनमध्येही नाही, दोघांना जिथून वीज मिळते तिथे आहे. नवशिका असता तर त्याने टाकी उतरवली असती आणि दिवसभर डिझेलमध्ये आंघोळ केली असती. मी मीटर बाहेर ओढलं. त्याच्या पाठीवर काड्यापेटीएवढी पत्र्याची डबी असते, ती दोन्ही काट्यांना ठरावीक वीज पुरवते, दहा व्होल्टच्या आसपास. मोजली तर जेमतेम सहा. वीस वर्षं हे दोघे बिचारे अर्धपोटी काम करत होते.

भंगारातल्या मीटरची तशीच एक डबी मी खिशात घालून आणली होती. ती बसवली, अर्थिंगचा स्क्रू घासला, पुन्हा वायरी टेकवून बघितल्या. दोन्ही काटे उठले आणि थेट टोकाला गेले. खरं सांगतो, मला भरून आलं. बाकीच्या तीन खोटारड्यांना वेळ नव्हता, त्यांना तसंच सोडलं. जाता जाता सवयीने मीटरची काच पुसली, तर ताई ओरडली की चकचकीत काच बघून त्यांना कळेल, आणि तिने अंगणातली मूठभर धूळ आणून त्यावर चोळली. चांगल्या कामावर धूळ टाकणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली.

दाजी परत आले. डोळे ठणठणीत निघाले होते. भाचीला त्याचंही बरं वाटलेलं दिसलं नाही, कारण डोळे चांगले म्हणजे दोष आणखी वर कुठेतरी, असं तिचं गणित.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच मला फोन आला. बाबा हमरस्त्यावर अडकलेत, डिझेल संपलंय, कॅन घेऊन जा. आवाज एकदम सपाट होता. मी स्कूटरवर कॅन बांधला आणि निघालो. वाटेत मी मनात दाजींनाच शिव्या घालत होतो, की अरे, आता तर काटा खरं सांगतोय, आता कसं संपवलंत. पुलापाशी आलो आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काटा खरं सांगत होता, पण ऐकणाऱ्याला ते माहीत कुठे होतं? ते जुनंच भाषांतर करत होते. मी स्कूटर बाजूला घेतली आणि तिथे दोन मिनिटं उभा राहिलो. करायला गेलो काय आणि झालं काय.

पिकअप रस्त्याच्या कडेला उभी होती. फूटपाथवर एक निवृत्त मुख्याध्यापिका स्वतःच्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. सामान त्यांचंच, उन्हात उभं राहायला नको म्हणून त्यांनी खुर्ची खाली उतरवून घेतली होती आणि जाणाऱ्या येणाऱ्यांकडे तास चालू असल्यासारख्या बघत होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, हे गृहस्थ सकाळपासून तीनदा थांबले, तीनदा बॉनेट उघडून नुसते आत बघत राहिले, यांना बरं नाहीये का?

दाजी पुढच्या बंपरवर बसले होते. मी टाकीत डिझेल ओतलं. पण डिझेलची गाडी कोरडी पडली की तेवढ्याने भागत नाही, नळीत शिरलेली हवा काढावी लागते. मी बॉनेटखाली वाकून हातपंप मारत बसलो आणि दाजी माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात बोलायला लागले. परवा काटा शून्यावर होता, हे त्यांना नक्की आठवत होतं. आज सकाळी बघतात तर पावाच्या वर. म्हणजे टाकी पाऊण भरलेली. त्यांनी ठरवलं, मध्ये आपणच डिझेल भरलं असणार. कधी भरलं, कुठे भरलं, काही आठवेना. पुढे रस्त्यात तापमानाचा काटा मध्यावर जाऊन बसला. एवढा वर तो कधीच गेला नव्हता. उतरून इंजिनला हात लावला तर नेहमीसारखंच गरम, जास्त नाही. तीनदा थांबले, तीनदा हात लावला, तीनदा तेच.

"काटा म्हणतो तापलंय, हात म्हणतो नाही," ते म्हणाले. "माझ्या हाताला कळेनासं झालंय का रे? तू रोज गाड्या बघतोस. खरं सांग, माझं डोकं चाललंय का?"

त्या वेळी शालकबुवा नव्हतं, नुसतं तू होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दाजी, हात बरोबर आहे, काटाही बरोबर आहे, गाढव मी आहे. एवढंच बोलायचं होतं. पण मुख्याध्यापिका ऐकत होत्या, माझे हात डिझेलने भरले होते, आणि माझ्या हातचं काम छत्तीस वर्षांत कधी परत आलं नाही ही माझी मिजास होती. मी म्हटलं, बघू दाजी, आधी गाडी चालू करू.

संध्याकाळी घरी गेल्यावर भाचीने मागायच्या आधीच दाजींनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि आत जाऊन बसले. स्वयंपाकघरात आमची तिघांची बैठक झाली. ताईने भाचीला काट्यांच्या दुरुस्तीचं सांगून टाकलं होतं. भाचीने मला विचारलं, मामा, तू केलेलं काम नीट होतं ना? मी म्हटलं, शंभर टक्के. हे अक्षरशः खरं होतं आणि आयुष्यात मी याहून मोठी लबाडी केलेली नाही. झालं, काटे नीट आणि तरी डिझेल संपलं, म्हणजे दोष माणसात, असा निकाल लागला. ताईने पदराने डोळे पुसले आणि मला शपथ घातली की आता त्यांना काट्यांचं काही सांगायचं नाही. आधीच खचलाय, त्यात आपण मागून उद्योग केला हे कळलं तर आणखी खचेल. मला ती शपथ सोयीचीच पडली. मी मूग गिळून बसलो.

लोकांना वाटतं गप्प बसणं सोपं असतं. मी दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसायला लागलो. एकाने नुसतं विचारलं की काटा परत बिघडणार नाही ना, तर त्याला मी दुकानाबाहेर काढला. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज कारण मिळायचं. पाचव्या दिवशी दाजींकडे गेलो तर ते खिडकीपाशी बसून होते, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. मीठ. साखर. चहा. अक्षर दाजींचं. ताईला वाटत होतं ते वेळ घालवतायत. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, हे ते दर थोड्या वेळाने तिला विचारत होते. लोकांची दोन-दोन हजार घरं डोक्यात ठेवून हलवणारा माणूस स्वतःच्या घरातल्या साखरेवर साखर लिहीत होता. मी चहा न घेताच निघालो. म्हटलं, दुकान उघडं टाकून आलोय.

नवव्या दिवशी ताईचा निरोप आला की गाडी बघायला माणूस येतोय, तू इलेक्ट्रिकचं दाखवायला ये. गाडी विकायची दाजींनीच ठरवली होती. माणूस भाजीपाल्याची ने-आण करणारा, धट्टाकट्टा, चाळिशीचा. दारासमोर पिकअप उभी, भाजीवाला स्टिअरिंगवर, भाचीने दिलेली किल्ली गाडीला लावलेली, आणि दाजी शेजारच्या सीटवर. स्वतःच्या गाडीत त्यांना त्या बाजूला बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ताई आणि भाची फाटकाशी उभ्या होत्या. मी खिडकीतून आत वाकून बघत होतो.

दाजी त्याला गाडी समजावून सांगत होते. विकणारा माणूस दोष झाकतो, हे एकेक दोष काढून दाखवत होते. डावा दरवाजा उचलून लावायचा. दुसरा गिअर थंडीत वेळ मागतो, जरा थांबून टाकायचा. ऑइलच्या काट्याकडे बघायचंच नाही. हळूहळू त्यांचा आवाज भरत गेला, नऊ दिवसांत पहिल्यांदा ते नीट बोलत होते. मग त्यांनी डिझेलच्या काट्यावर बोट ठेवलं.

"हा शून्यावर आला की घाबरू नका. टाकी अर्धी आहे असं समजायचं. आणि हा दुसरा पावावर आला तर मात्र गाडी लगेच उभी करा." मग म्हणाले, "माझा यात शेवटी घोटाळा झाला. पण तुम्ही तरुण आहात, तुम्हाला जमेल."

भाजीवाला मान डोलावत होता. त्याने ते मनावर घेतलं असतं, आणि चार दिवसांनी भाजी घेऊन मधल्या रस्त्यात उभा राहून त्याने दाजींच्या नावाने खडे फोडले असते. वीस वर्षांत या माणसाने कुणाला चुकीचं सांगितलं नव्हतं, आणि आज माझ्यामुळे सांगत होता. माझ्याच्याने राहवलं नाही.

"दाजी, ते आता तसं नाही," मी म्हटलं. "दोन्ही काटे खरं दाखवतात. मी दुरुस्त केलेत."

फाटकाशी ताईने तोंडावर हात धरला. दाजी काट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, कधी. मी सांगितलं, तुम्ही डोळे तपासायला गेला होतात तेव्हा. ते ओठातल्या ओठात हिशेब करत होते, मला दिसत होतं. पावाच्या वर म्हणजे पावाच्याच वर. मध्यावर म्हणजे ठीक. भरलेलं आठवत नाही, कारण भरलंच नव्हतं. एकेक गोष्ट जागेवर बसत गेली आणि त्यांचा चेहरा सुटत गेला. मला वाटलं आता हसतील. मला मेल्याला खरंच तसं वाटलं.

"आणि या भानगडीने डिझेल संपलं, हे तुला कधी कळलं?"

"कॅन घेऊन आलो तेव्हाच."

"आज किती दिवस झाले?"

"नऊ."

दाजी खाली उतरले, गाडीला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"काटा चुकीचं सांगायचा, पण बघितलं की काहीतरी सांगायचा," ते म्हणाले. "तुला मी विचारलं होतं रे."

भाची फाटकातून पुढे आली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मी नजर खाली घातली. मग ती बापाजवळ गेली आणि तिने त्यांच्या शर्टाची बाही धरली. दाजींनी भाजीवाल्यासमोर हात पुढे केला. तो बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. त्याने किल्ली काढून हातावर ठेवली आणि विचारलं, म्हणजे गाडी विकायची नाही का. ताई म्हणाली, तुम्ही चहा घेऊन जा. ती आत गेली आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या फाडल्याचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला.

माझी शिक्षा मला ताईकडून कळली. नऊ दिवसांत दाजींचा हमाल दुसरीकडे कामाला लागला होता. तेव्हा नऊ दिवस दुकान बंद ठेवून मी सामान उचलायला यायचं. माझं वय अठ्ठावन्न, कमरेत उसण भरते, हे सांगून बघितलं. ताई म्हणाली, ते कमरेचं तू त्यांनाच सांग. मी गेलो. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर फ्रिज. लोखंडी कपाट उचलताना कपाटामागचं मीही बघितलं, संसारबिंसार काही कळला नाही, झुरळं दिसली. दाजी माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायचे. उचल. डावीकडे. टेकव. शिव्या नाहीत, टोमणा नाही, शालकबुवा तर नाहीच. सामान बांधताना मात्र पूर्वीचेच, मधल्या खोलीत उभे राहणार, हात पसरून दरवाजापर्यंत चालणार. मी गुपचूप बघायचो आणि मनातून सुटल्यासारखं वाटायचं. म्हटलं, माणूस परत आला.

चौथ्या दिवशी एक लांबचं काम होतं. गाडी गच्च भरलेली, चढाचा रस्ता, ऊन टळटळीत. तापमानाचा काटा मध्यावर होता, म्हणजे जिथे असायला हवा तिथेच. दाजींनी त्याच्याकडे दोनदा बघितलं. मग गाडी बाजूला घेतली, उतरले, बॉनेट उघडून इंजिनला हात लावला आणि चटका बसेल तसा उचलून पुन्हा पुन्हा टेकवला. मी आतून बघत होतो. परत येऊन बसले, दार ओढून घेतलं, पण गाडी चालू करेनात.

एवढ्या वर्षांत या माणसाने स्वतःच्या गाडीबद्दल मला एकच प्रश्न विचारला होता, तो त्या दिवशी हमरस्त्यावर, आणि त्याचं मी काय केलं ते सांगून झालं आहे. आता ते समोरच्या काचेतून बघत होते आणि हात मांडीवर उलटा पडला होता, बोटांना काजळी लागलेली.

"काटा मध्यावर आहे," दाजी म्हणाले. "हाताला तर ठीक लागतंय. बरोबर आहे ना..."

"बरोबर आहे, दाजी," मी त्यांचं वाक्य पुरं होऊ न देता म्हटलं. "तुमचा हात बरोबर आहे."